रक्ताचे दान आणि माहितीची राखण

(मंडळाच्या धसई येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांचा गुणगौरव आणि भोजन यांच्या मधला अर्धा तास एखाद्या उपयुक्त विषयावरील भाषणासाठी राखून ठेवण्याची आपल्या मंडळाची जुनी प्रथा आहे. यंदा तो मान आम्हांस दिल्याबद्दल कार्यकारिणीचे आभार मानणे हे आमचे पहिले कर्तव्य होय. आमच्या विषयाचे नाव ऐकून मात्र कित्येकांच्या कपाळास आठी पडेल. शास्त्रीय संशोधनासाठी गोळा केलेली माहिती अनेक संशोधकांनी सुरक्षितपणे वाटून कशी घ्यावी, आणि त्या कामी ब्लॉकचेन नावाच्या नव्या वहीचा व गुप्तता राखणाऱ्या गणिती युक्त्यांचा उपयोग किती, असा हा विषय आहे. तो शहरांतील विद्वानांचा असून मुरबाड-शहापूरच्या शेतकऱ्याशी त्याचा संबंध काय, असा प्रश्न कोणी विचारील, तर तो गैरवाजवी नव्हे. परंतु आज दुपारच्या सर्वसाधारण सभेपुढे जो एक प्रस्ताव यावयाचा आहे, त्याकडे लक्ष दिले म्हणजे संबंध आपोआप उलगडेल. आपल्या ज्ञातीतील कुटुंबांच्या रक्ताचे नमुने आणि मंडळाने आजवर जमविलेल्या वंशावळी व कुटुंबसूची संशोधनासाठी द्याव्यात, अशी विनंती मंडळाकडे आली आहे. होकार द्यावा की नकार, हे सभेने ठरवावयाचे आहे. त्यापूर्वी आपण काय देत आहोत आणि ते पुढे कोठे जाते, हे समजून घ्यावे, एवढाच या भाषणाचा हेतू आहे.

धसईकरांस नव्या गोष्टींचे भय वाटण्याचे कारण नाही. १ डिसेंबर २०१६ रोजी, पाचशे-हजाराच्या जुन्या नोटा रद्द झाल्याला महिनाही उलटला नव्हता, तोच या गावास राज्यातील पहिले रोकडरहित गाव म्हणून जाहीर करण्यात आले. किराणा दुकानापासून वडापावच्या गाडीपर्यंत कार्ड फिरविण्याची यंत्रे आली. वृत्तपत्रांत छायाचित्रे झळकली. रोख पैसा काही त्यामुळे बाजारातून कायमचा गेला नाही. परंतु त्या दिवसांत एक गोष्ट घडली, तिच्याकडे आपण फारसे लक्ष दिले नाही. पैसा कसा जाईल, हे आपण सर्वांनी विचारले; त्याची नोंद कोठे राहील, ती कोण वाचील, हे कोणीच विचारले नाही. पैशाच्या बाबतीत ही चूक एक वेळ खपून जाईल. रक्ताच्या बाबतीत ती खपणार नाही.

प्रथम दुसरी बाजू न्यायाने मांडली पाहिजे. माहिती वाटून घेतल्यावाचून शास्त्र पुढे जात नाही. याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईतच घडले. १९५२ साली डॉक्टर भेंडे आणि त्यांचे सहकारी यांनी एक विलक्षण रक्तगट जगापुढे आणला. नेहमीच्या तपासणीत हे रक्त 'ओ' गटाचे वाटते, पण 'ओ' गटाचे रक्त दिल्यास अशा रोग्याच्या प्राणावर बेतते. त्याला त्याच गटाचे रक्त लागते. हा गट जगभर 'बॉम्बे' या नावानेच ओळखला जातो. हजारो माणसांत एखादाच असा निघतो. म्हणून अशा दात्यांची नोंद असल्याशिवाय, आणि एका शहराची नोंद दुसऱ्या शहराला वेळेवर कळल्याशिवाय, त्या रोग्याला वाचविणे कठीण होते. येथे माहिती लपवून ठेवणे हाच दोष ठरेल.

दुसरे उदाहरण पुण्याजवळचे. १९९३ पासून के. ई. एम. रुग्णालयाच्या संशोधन केंद्राने, डॉक्टर याज्ञिक यांच्या पुढाकाराने, पुण्याभोवतालच्या सहा गावांतील गरोदर स्त्रियांची आणि पुढे त्यांच्या मुलांची वर्षानुवर्षे तपासणी चालविली. त्यातून असे दिसून आले की आपल्याकडचे नवजात बालक वजनाने लहान व दिसायला कृश असले, तरी त्याच्या अंगात चरबीचे प्रमाण तुलनेने अधिक असते. आपल्याकडे मधुमेह लवकर का जडतो, याचा विचार या शोधाने आईच्या पोटापर्यंत मागे नेला. त्या गावांतील बायाबापड्यांनी विश्वासाने मापे दिली, रक्त दिले, म्हणून हे जगाला कळले. त्यांचे ऋण मोठे आहे.

तिसरे उदाहरण अगदी अलीकडचे. भारतीय लोकांच्या आनुवंशिक रचनेचा आराखडा तयार करण्यासाठी २०२० साली 'जीनोम इंडिया' हा प्रकल्प सुरू झाला. देशातील ८३ समाजगटांतील सुमारे १०,००० व्यक्तींच्या रक्तावरून हा आराखडा सिद्ध झाला, आणि ९ जानेवारी २०२५ रोजी ती सामग्री संशोधकांसाठी खुली झाल्याचे जाहीर करण्यात आले. फरिदाबाद येथील भारतीय जैविक सामग्री केंद्रात ती ठेवली आहे. वाटेल त्याने ती उचलून न्यावी अशी मोकळीक तेथे नाही. रीतसर मागणी करून, नियम पाळून ती मिळवावी लागते. आपल्या देशात पिढ्यान्‌पिढ्या जातीतल्या जातीत विवाह होत आले, त्यामुळे एकेका ज्ञातीत एखादा आनुवंशिक दोष साठून राहतो. म्हणून शास्त्रज्ञांस आपल्यासारख्या ज्ञाती अभ्यासाच्या दृष्टीने मोलाच्या वाटतात. येथवर त्यांचे म्हणणे खरे आहे, आणि आपल्या मुलाबाळांच्या हिताचेही आहे.

आता जी गोष्ट सांगावयाची, ती सांगताना आमची मान खाली जाते. काही वर्षांपूर्वी आम्ही ज्यात कार्यकर्ते म्हणून राबलो, अशा एका रक्ततपासणी शिबिरात थॅलेसेमियाची चाचणी ठेवली होती. अहवाल आले. घरोघर पोहोचविण्याचा त्रास वाचावा म्हणून नावांची यादी सभागृहाच्या दारावर चिकटविण्यात आली, आणि ज्यांच्या अहवालात दोष दिसला त्यांच्या नावांपुढे तांबड्या शाईने फुली करण्यात आली. ती फुली आमच्याच हातची होती. हेतू एवढाच, की त्यांनी डॉक्टरांस अवश्य भेटावे. त्या फुल्यांमध्ये एका मुलीचे नाव होते. तिची सुपारी फुटली होती. आठ दिवसांत मुलाकडच्यांनी निरोप पाठविला आणि लग्न मोडले. वास्तविक ती मुलगी रोगी नव्हती. केवळ वाहक होती. वाहक म्हणजे धडधाकट माणूसच. नवरा आणि नवरी दोघेही वाहक असतील, तरच प्रत्येक अपत्यास तो रोग पूर्ण स्वरूपात होण्याचा संभव चारांत एक असतो. मुलाची चाचणी झालेलीच नव्हती. तिच्या वडिलांनी आम्हांला एकच प्रश्न विचारला : "अण्णा, रक्त पोरीनं दिलं होतं, ते तुम्ही गावाला का वाटलंत?" त्या प्रश्नाला आमच्यापाशी तेव्हा उत्तर नव्हते आणि आजही नाही.

ही यादी तर एका दारावरची होती. पावसाने ती दोन महिन्यांत धुऊन गेली. पण आज याद्या दारावर लागत नाहीत. त्या संगणकात जातात, एका संस्थेतून दुसऱ्या संस्थेत जातात, आणि त्यांवर कोणताही पाऊस पडत नाही.

यावर कोणी म्हणेल, नावे काढून टाकावीत म्हणजे झाले. ही समजूत फसवी आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स प्रांतात सरकारी नोकरांच्या रुग्णालयीन नोंदी नावे वगळून संशोधकांस देण्यात आल्या होत्या. १९९७ च्या सुमारास लटान्या स्वीनी या विद्यार्थिनीने त्या नोंदींतील जन्मतारीख, स्त्री की पुरुष, आणि टपालाचा विभाग एवढ्या तीन गोष्टी मतदारयादीशी ताडून पाहिल्या, आणि खुद्द त्या प्रांताच्या राज्यपालांची आजारपणाची नोंद हुडकून काढली. मग आपल्यासारख्या ठिकाणी काय होईल? एखाद्या पाड्यावर आपल्या ज्ञातीची घरे सात. 'वय बेचाळीस, तीन मुली व एक मुलगा, पती हयात नाही' एवढे लिहिले की नाव लिहिण्याची गरजच उरत नाही. धसईच्या बाजारात कोणीही बोट दाखवील.

रक्ताचे तर याहून वेगळे आहे. इरावतीबाई कर्वे यांनी महाराष्ट्रातील अनेक जातींतील माणसांच्या उंचीची, डोक्याची, नाकाची मापे घेतली. त्या मापांवरून पुढे कोणा एकाला शोधून काढणे शक्य नव्हते. रक्तातील आनुवंशिक अक्षरमाला मात्र प्रत्येकाची निराळी असते, आणि तिच्यात केवळ देणाऱ्याचेच नव्हे, तर त्याच्या भावाचे, चुलत्याचे आणि अजून न जन्मलेल्या नातवाचेही काही लिहिलेले असते. २०१८ साली कॅलिफोर्नियात एक जुना खुनी सापडला, तो त्याने स्वतः रक्त दिले म्हणून नव्हे. त्याच्या दूरच्या नातेवाइकांनी हौसेने आपली आनुवंशिक माहिती एका सार्वजनिक संग्रहात ठेवली होती म्हणून. खुनी सापडला हे चांगलेच झाले. पण एकाने दिलेल्या संमतीने साऱ्या भाऊबंदकीचे दार उघडते, हेही त्याच वेळी सिद्ध झाले.

समाजाच्या समाजाने विश्वास टाकला आणि तो दुखावला गेला, असेही घडले आहे. अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतात, ग्रँड कॅनियनच्या खोल दरीत हवासुपाई नावाची छोटी आदिवासी जमात राहते. त्यांच्यात मधुमेह फार. १९९० नंतरच्या काही वर्षांत, मधुमेहाचे कारण शोधावयाचे आहे, या समजुतीने त्यांनी आपले रक्त एका विद्यापीठाला दिले. पुढे त्याच रक्तावर मानसिक विकार, आप्तविवाह आणि जमातीचे मूळ स्थान यांसंबंधी अभ्यास झाले. आपण याच दरीत जन्मलो, ही त्यांची श्रद्धा. आणि त्यांच्याच रक्ताच्या आधारे त्यांचे पूर्वज दुसऱ्या खंडातून आले असे लिहिले गेले. त्यांनी न्यायालयात दाद मागितली. २०१० साली तडजोड झाली : ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर देण्यात आले, आणि उरलेले रक्ताचे नमुने जमातीला परत करण्यात आले. पैशांपेक्षा रक्त परत मिळाले, याचे महत्त्व आपण ओळखावे.

म्हणजे पेच असा आहे. माहिती कोंडून ठेवावी तर रोग्याचे नुकसान. मोकळी सोडावी तर देणाऱ्याचे नुकसान. या पेचातून वाट काढण्यासाठी ज्या नव्या युक्त्या निघाल्या, त्यांपैकी पहिली ब्लॉकचेन होय. तिला आपण साखळीवही म्हणू.

ती समजण्यास आपल्या फेरफाराच्या नोंदवहीसारखे साधन नाही. जमीन विकली गेली की ज्यांना आपण अजून तलाठीच म्हणतो, ते ग्राम महसूल अधिकारी फेरफार धरतात. नोंदीला अनुक्रमांक पडतो, संबंधितांना नोटीस जाते, हरकतींची मुदत संपली की मंडळ अधिकारी ती प्रमाणित करतात, आणि मग सातबारा बदलतो. जुन्या मालकाचे नाव खोडून काढीत नाहीत. ते कंसात जाते. सातबाऱ्यावरच्या फेरफार क्रमांकाचा माग धरीत गेले की आजोबांच्या काळापर्यंत पोहोचता येते. साखळीवहीत हेच तत्त्व आहे, पण दोन गोष्टी अधिक आहेत. पहिली अशी की प्रत्येक पानावर मागच्या पानाचा गणिती ठसा उमटविलेला असतो. ठसा म्हणजे काय? कितीही मोठा मजकूर एका ठराविक गणितातून काढला की त्याचा लहानसा सांकेतिक आकडा तयार होतो. प्रचलित पद्धतीत तो ६४ चिन्हांचा असतो. मूळ मजकुरात एक काना वा मात्रा बदलली तरी ठसा ओळखू न येण्याइतका पालटतो. म्हणून मधल्या एका पानावर कोणी हात फिरविला, तर पुढच्या साऱ्या पानांचे ठसे जुळेनासे होतात आणि चोरी उघडकीस येते. दुसरी गोष्ट अशी की ही वही एकाच कचेरीच्या कपाटात नसते. तिच्या तंतोतंत प्रती अनेकांपाशी असतात आणि नवे पान जोडताना त्यांच्यात ठरलेल्या नियमाने सहमती व्हावी लागते.

ही कल्पना पैशाच्या व्यवहारासाठी २००८ साली सातोशी नाकामोटो या टोपणनावाने मांडली गेली, असे सर्वत्र सांगतात. परंतु तिचे मूळ कागदपत्रांच्या खरेपणातच आहे. १९९१ साली स्टुअर्ट हेबर आणि स्कॉट स्टॉर्नेटा या दोन संशोधकांनी, एखादा दस्तऐवज अमुक दिवशी अस्तित्वात होता आणि नंतर बदलला गेला नाही, हे सिद्ध करण्याची ठशांची रीत सुचविली. १९९५ पासून त्यांच्या पद्धतीतील ठसे दर आठवड्यास न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या छोट्या जाहिरातींत छापले जाऊ लागले. कारण गावोगाव गेलेल्या वृत्तपत्राच्या साऱ्या प्रती कोणाला बदलता येणार? संशोधनात याचा उपयोग उघड आहे. आकडे आधी नोंदवून त्यांचा ठसा जाहीर केला, म्हणजे मागाहून सोयीचे निष्कर्ष काढण्यासाठी ते आकडे फिरविता येत नाहीत.

आपल्या राज्यातही ही वही येऊन ठेपली आहे. २०२१ साली राज्याच्या कौशल्य विकास मंडळाची प्रमाणपत्रे, आणि २०२२ साली गडचिरोली जिल्ह्यातील एटापल्ली येथील जातीचे दाखले पडताळण्यासाठी हिचा उपयोग करण्याचे ठरले. एटापल्लीची योजना सुमारे ६५,००० दाखल्यांची होती. जातीच्या दाखल्यापायी आपल्या मुलांनी किती हेलपाटे घातले, हे या सभेस सांगणे नलगे. खऱ्या दाखल्याची पडताळणी क्षणात होऊ लागली, तर त्याचे स्वागतच केले पाहिजे.

पण या वहीचे गुण सांगताना तिच्या मर्यादा लपविणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. पहिली मर्यादा : वहीत घातलेली गोष्ट बदलत नाही, एवढेच ती सांगते, ती खरी होती असे सांगत नाही. नमुना घेताना बाटल्यांची अदलाबदल झाली, तर ती चूकच अमर होऊन बसेल. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. येथून वैशाखऱ्यापलीकडे नाणेघाट चढून गेलात, तर लेण्याच्या भिंतीवर सातवाहन राणी नागनिकेच्या काळचा ब्राह्मी लेख दिसेल. कोणते यज्ञ केले, दक्षिणेत किती गाई आणि किती कार्षापण दिले, याचे आकडे त्यात कोरले आहेत. दोन हजार वर्षे झाली. लेख काही ठिकाणी झिजला, तुटला, पण राणीचे दान जगजाहीर आहे. राणीला ते हवेच होते. आपल्या मुलीच्या रक्ताचा दोष मात्र आपण नाणेघाटाच्या भिंतीवर कोरून घेऊ काय? साखळीवही त्या भिंतीहूनही पक्की. तिच्यात चढलेले उतरविता येत नाही. आणि चूक म्हणून, वा मन बदलले म्हणून, माणसाला आपली माहिती मागे घेण्याचा हक्क असला पाहिजे.

कोणी सुचवील की माहिती न घालता तिचा ठसा तेवढा घालावा. हेही जपून केले पाहिजे. दहा आकडी दूरध्वनी क्रमांकाचा नुसता ठसा घातला, तर संगणक सर्व संभाव्य क्रमांकांचे ठसे थोड्या वेळात काढून मूळ क्रमांक ओळखतो. ठसा करण्यापूर्वी त्यात एक लांबलचक गुप्त आकडा मिसळावा लागतो.

तेव्हा आमचे मत असे झाले आहे की साखळीवहीत रक्ताची माहिती कदापि जाऊ नये. जावी ती केवळ परवानगीची नोंद. कोणी दिली, कशासाठी दिली, कोणत्या मुदतीसाठी दिली, कोणत्या संस्थेने ती माहिती कोणत्या दिवशी उघडली, आणि परवानगी केव्हा मागे घेतली, एवढे तिच्यात असावे, आणि तेही नावाऐवजी सांकेतिक खुणेने. माहिती तिच्या जागी, कुलपात राहावी. युरोपातील इस्टोनिया या चिमुकल्या देशात याच दिशेने व्यवस्था आहे. तेथे आजारपणाच्या नोंदी साखळीत घालीत नाहीत. त्या नोंदी कोणी पाहिल्या याचा हिशेब कोणाला फिरविता येऊ नये, म्हणून ठशांच्या साखळीचा आधार घेतात. आपली नोंद कोणत्या डॉक्टरने उघडली, हे तेथील नागरिकाला घरबसल्या पाहता येते. तांबड्या फुलीच्या वेळी आपल्याकडे अशी वही असती, तर निदान कोणाची चूक झाली हे विचारण्यास जागा राहिली असती.

आता दुसऱ्या युक्तीकडे वळू. कुलूप न उघडता आतील माहितीचा उपयोग कसा करावा? हे ऐकावयास जादूसारखे वाटते, पण गणित सोपे आहे. समजा, धसई, सरळगाव आणि म्हसा या तीन गावांत मिळून वाहक किती, हे डॉक्टरांना हवे आहे; पण आपल्या गावाचा आकडा दुसऱ्या गावाला कळू नये, अशी प्रत्येकाची इच्छा आहे. धसईवाल्याने मनात एक आकडा धरावा, समजा ७००. त्यात आपले १२ मिळवून ७१२ सरळगावाच्या कानात सांगावे. सरळगावाने आपले ८ मिळवून ७२० म्हशाला सांगावे. म्हशाने १५ मिळवून ७३५ धसईला कळवावे. धसईने मनातले ७०० वजा केले की बेरीज ३५. एकूण आकडा सर्वांना कळला, गावाचा आकडा कोणालाच कळला नाही. धसई आणि म्हसा यांनी आपसांत संगनमत केले तर सरळगावचे गुपित फुटेल, हे चाणाक्ष श्रोत्यांच्या ध्यानात आलेच असेल. म्हणून प्रत्यक्षात यापेक्षा मजबूत रीती वापरतात. आदी शामीर यांची गुपित वाटून ठेवण्याची रीत १९७९ ची, आणि कुलूपबंद आकड्यांवर कुलूप न काढता वाटेल ते गणित करण्याची क्रेग जेंट्री यांची रीत २००९ ची आहे. संशोधकाने माहिती आपल्याकडे नेण्याऐवजी आपला प्रश्न माहितीच्या घरी पाठवावा आणि फक्त उत्तर घेऊन परतावे, अशीही पद्धत आता रुग्णालयांत रुजू लागली आहे.

तिसरी युक्ती खोट्याच्या मदतीने खरे शोधण्याची. १९६५ साली स्टॅन्ली वॉर्नर यांनी, लोक जे सांगावयास लाजतात ते विचारावे कसे, याचा विचार करून उत्तरात योजनापूर्वक अनिश्चितता मिसळण्याची रीत सुचविली. तिचे एक सोपे रूप असे. प्रत्येकाने एकांतात नाणे उडवावे. छाप पडला तर खरे उत्तर द्यावे. काटा पडला तर पुन्हा उडवावे, आणि छाप असल्यास 'होय', काटा असल्यास 'नाही' सांगावे. आता कोणी 'होय' म्हटले, तरी ते त्याचे उत्तर की नाण्याचे, हे कोणी सांगू शकत नाही. पण हजार जणांत ४०० 'होय' आले, तर त्यांपैकी सुमारे २५० नाण्याचे. उरलेले १५० हे खरे बोलणाऱ्या सुमारे ५०० जणांतले. म्हणजे प्रमाण शेकडा तीस. व्यक्ती झाकली आणि समाजाचे चित्र उघड झाले. याच तत्त्वाचा पुढे २००६ साली शास्त्रशुद्ध विस्तार झाला, आणि अमेरिकेने आपल्या २०२० च्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध करताना तो वापरला. जेथे गट लहान तेथे मात्र आकडे अधिक धूसर होतात. आपल्यासारख्या लहान ज्ञातीला ही किंमत द्यावी लागेल.

कायद्याचेही थोडे बळ आता पाठीशी आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने खाजगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. २०२३ साली व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला. संमती मागे घेण्याची आणि माहिती पुसून घेण्याची तरतूद त्यात आहे. पण संशोधनासाठी, विहित मर्यादा पाळल्यास, त्यात सवलतही आहे. म्हणून सारा भार कायद्यावर टाकून आपण स्वस्थ बसू नये.

आणि येथे आम्हांस आपल्या मंडळाविषयीच स्पष्ट बोलले पाहिजे. आपण जातीचे मंडळ आहोत. ज्ञातीची माणसे आपली, म्हणून त्यांची माहितीही आपली, अशी आपली नकळत समजूत झाली आहे. आपल्या वधूवर सूचीत मुलींच्या जन्मतारखा, जन्मवेळा, पत्ते, दूरध्वनी क्रमांक आपण छापतो, आणि त्या पुस्तिका एस. टी. स्टँडवरही पडलेल्या सापडतात. वंशावळी आपण कौतुकाने प्रसिद्ध करतो. या दोन्ही गोष्टी नुसत्या रक्ताच्या नमुन्याशेजारी नेऊन ठेवल्या, तर जगातील कोणतीही साखळीवही आणि कोणतेही गणित आपल्याला वाचवू शकणार नाही. कारण कुलपाची किल्ली आपणच स्मरणिकेत छापलेली असेल. त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांकडे आपल्या पूर्वजांच्या वह्या आहेत. यजमान कोण, गाव कोणते, आडनाव कोणते, हे विचारल्यावाचून ते वही उघडीत नाहीत. एवढी शिस्त तरी आपल्या अंगी असावी.

यास्तव दुपारच्या सभेपुढे आम्ही नकाराची शिफारस करणार नाही. दार लावून घेणे हा उपाय नव्हे. २०२३ पासून सिकलसेलच्या निर्मूलनासाठी राष्ट्रीय मोहीम सुरू आहे. आदिवासी भागांतील सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट तिच्यापुढे ठेवले गेले, आणि विवाहापूर्वी दोघांची पत्रिका पाहतात तशी दोघांची तपासणीपत्रे पाहावीत, अशी तिची शिकवण आहे. आपल्या शेजारच्या वाड्यापाड्यांतील भावंडे असे रक्त देत असता आपण हात आखडता घेणे शोभणार नाही. पण होकार देताना सभेने पाच गोष्टी ठरावात लिहून घ्याव्यात, अशी आमची सूचना आहे. तपासणीचा निकाल ज्याचा त्याच्याच हाती, बंद पाकिटात, समजावून सांगून द्यावा. मंडळाने कोणाचीही सूची वा वंशावळ परस्पर देऊ नये. संशोधक आणि कुटुंब यांची गाठ घालून द्यावी, आणि देणे न देणे कुटुंबावर सोपवावे. घरातल्या एकाने देण्यापूर्वी इतरांशी बोलावे. संमतीपत्र मराठीत असावे आणि रक्त कोणत्या कामासाठी, हे त्यात नेमके लिहावे. दुसऱ्या कामासाठी पुन्हा विचारावे. माहिती कोणी केव्हा उघडली, याचा न बदलणारा हिशेब ठेवण्याची हमी संस्थेने द्यावी, आणि तो हिशेब देणाऱ्याला पाहता यावा. आणि संशोधनातून जे निष्पन्न होईल, ते प्रथम याच सभेत, आपल्या भाषेत, येऊन सांगावे.

जो संशोधक या पाच गोष्टी मान्य करील, त्याच्यापुढे सर्वांत आधी आमचा दंड आम्ही पुढे करू. त्या मुलीच्या वडिलांना आम्ही उत्तर देऊ शकलो नाही. त्यांची मुलगी पुढे शिकली, आज सुखाने संसार करते. तिच्या नवऱ्याने लग्नापूर्वी स्वतःहून चाचणी करून घेतली. पण ते तिचे भाग्य आणि त्याचा समंजसपणा. त्यात आमचे काही श्रेय नाही. आपल्या ज्ञातीतील पुढच्या मुलीला भाग्यावर विसंबावे लागू नये, म्हणून आजचा ठराव नीट शब्दांत व्हावा, एवढीच सभेस आमची विनंती आहे.